स्टर्नड्राइव्ह बोटीचं पॉवर ट्रिम: बटण छोटं, कामं तीन

अमेरिकेत मे महिन्याचा शेवटचा सोमवार म्हणजे मेमोरियल डे. बोटींचा हंगाम तिथून सुरू झाला असं मानतात. जॉर्जियातलं लेक लेनियर, मिझुरीतलं लेक ऑफ द ओझार्क्स, टेक्ससमधलं लेक ट्रॅव्हिस अशा तलावांच्या उतारांवर हिवाळाभर झाकून ठेवलेल्या बोटी ट्रेलरवरून येतात आणि त्यातल्या काही तिथेच अडकतात. इंजिन व्यवस्थित सुरू होतं, दिवे लागतात, पण बोटीच्या मागचा पाय हलत नाही. किंवा खाली जातो आणि वर येत नाही. मागे गाड्यांची रांग लागलेली असते आणि कुणीतरी पॉवर ट्रिमचं बटण पुन्हा पुन्हा दाबत असतं.

तिकडे राहणारे मराठी लोकही तलावावर बोट भाड्याने घेतात, काही जण जुनी बोट विकतही घेतात. त्यातली बरीच स्टर्नड्राइव्ह असते. पॉवर ट्रिम हे तिच्यातलं सगळ्यात कमी समजून घेतलेलं यंत्र. गिअर आणि थ्रॉटल कुणीही पाच मिनिटांत शिकवतं. ट्रिमबद्दल मात्र ‘हे वर, हे खाली’ एवढंच सांगितलं जातं.

स्टर्नड्राइव्ह म्हणजे काय

कोकणातल्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या छोट्या स्पीडबोटी बहुतेक आउटबोर्डवर चालतात. इंजिन, गिअर, पंखा असं सगळं एकाच खोक्यात असतं आणि ते खोकं बोटीच्या मागे टांगलेलं असतं. मोठ्या मच्छीमार बोटीत इंजिन आत, त्यातून निघालेला लांब शाफ्ट तळातून बाहेर, शेवटी पंखा आणि त्यामागे सुकाणू. स्टर्नड्राइव्ह या दोन्हींच्या मधलं आहे. मोटारगाडीसारखं इंजिन बोटीच्या आत, अगदी मागच्या भिंतीला लागून बसवलेलं. या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. भिंतीच्या बाहेर आउटबोर्डच्या खालच्या अर्ध्या भागासारखा दिसणारा एक पाय. हाच ‘ड्राइव्ह’. पंखा त्याच्या टोकाला असतो. सुकाणू वेगळं नसतं. अख्खा पाय डावी-उजवीकडे वळतो आणि बोट वळते.

ही रचना बाजारात आणली स्वीडनच्या व्होल्वो पेंटाने, 1959 साली, अ‍ॅक्वामॅटिक या नावाने. तिच्यामागे जिम विन हा अमेरिकी अभियंता होता. त्याआधी तो आउटबोर्ड बनवणाऱ्या मर्क्युरीत काम करत असे. 1961 मध्ये मर्क्युरीनेही मर्क्रूझर हे आपलं स्टर्नड्राइव्ह आणलं. आज अमेरिकी तलावांवर जुन्या बोटीचं झाकण उघडलं की बहुधा या दोनपैकी एक नाव दिसतं.

इंजिन आत आणि पाय बाहेर, म्हणजे दोघांना जोडणारा शाफ्ट भिंतीतल्या भोकातून जाणार. ते भोक पाण्याच्या पातळीच्या खाली असतं. पाय वळतो आणि वर-खालीही होतो, त्यामुळे शाफ्टला लवचीक सांधा लागतो आणि सांध्याभोवती पाणी अडवणारं रबरी आवरण. त्याला बेलोज म्हणतात. हार्मोनियमचा भाता डोळ्यांसमोर आणला की पुरे: तशाच घड्या, फक्त गोल आणि जाड रबराच्या. हा भाता फाटला तर तलावाचं पाणी थेट बोटीत येतं. धक्क्याला बांधलेली बोट रातोरात बुडण्यामागे फाटलेला भाता हे नेहमीचं कारण आहे. ट्रिमचा विचार करताना हा भाता विसरून चालत नाही.

एका बटणाची तीन कामं

ड्राइव्हच्या दोन्ही बाजूंना एकेक हायड्रॉलिक सिलिंडर असतो. बोटीच्या आत एक छोटा पंप असतो: वर तेलाची प्लास्टिकची टाकी, तिला जोडलेली 12 व्होल्टची मोटर. मोटर एका दिशेने फिरली की तेल सिलिंडरच्या एका बाजूला जातं आणि ड्राइव्ह बाहेर, म्हणजे वर सरकतं. उलट फिरली की आत, म्हणजे खाली. जेसीबीचा हात जसा हलतो, तत्त्व तेच.

पहिलं काम म्हणजे खरं ‘ट्रिम’: बोट धावत असताना पंख्याच्या रेट्याचा कोन थोडासा बदलणं. दुसरं, उथळ पाण्यात पंखा तळाला घासू नये म्हणून ड्राइव्ह बरंच वर घेणं. तिसरं, बोट ट्रेलरवर चढवल्यावर रस्त्यावर पाय घासू नये म्हणून ते पूर्ण वर करणं. पहिलं काम पूर्ण वेगात करायचं, दुसरं अगदी हळू चालताना, तिसरं इंजिन बंद करून. सिलिंडर तेच, पंप तोच, म्हणून हा फरक हाताला जाणवत नाही. मोडतोड आणि अपघात बहुतेक इथूनच सुरू होतात.

पाण्यावर ट्रिम कसं वापरायचं

उभी बोट निघताना ड्राइव्ह पूर्ण आत असावं. पंखा तेव्हा पाणी मागे आणि किंचित खाली ढकलतो, बोटीचा मागचा भाग उचलला जातो आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली राहतं. त्यामुळे बोट लवकर पाण्यावर चढते आणि घसरू लागते. ड्राइव्ह वर ठेवूनच थ्रॉटल दाबला तर नाळ आकाशाकडे जाते आणि चालकाला समोरचं काही क्षण दिसतच नाही. समोर पोहणारे असतील तर ते काही क्षण फार मोठे असतात.

बोट पाण्यावर घसरू लागली की ट्रिम हळूहळू बाहेर सोडायचं. बटण एकदा टिचकीसारखं दाबायचं, परिणाम बघायचा, पुन्हा दाबायचं. नाळ थोडी उचलली जाते, तळाचा कमी भाग पाण्याला घासतो, थ्रॉटल तोच असताना वेग वाढतो आणि स्टिअरिंग हलकं होतं. ट्रिम बरोबर आल्याची खूण काट्यापेक्षा हाताला आधी कळते: स्टिअरिंग कोणत्याही एका बाजूला ओढ खात नाही. काट्यावर फार विसंबू नये. त्याचा सेंसर पाण्याखाली असतो आणि जुन्या बोटीत तो बिघडलेला असण्याचीच शक्यता जास्त.

ट्रिम जास्त बाहेर गेलं की नाळ ठरावीक लयीत वर-खाली आपटू लागते. डॉल्फिन उसळ्या मारत जावा तशी बोट जाते. अशा वेळी थ्रॉटल थोडा कमी करायचा आणि ट्रिम थोडं आत घ्यायचं, उसळ्या थांबतात. मागच्या बाकावर सात-आठ जण बसले असतील तर मात्र ट्रिम आत घेऊनही फरक पडणार नाही, माणसंच पुढे बसवावी लागतील. ट्रिम आणखी बाहेर गेलं तर पंखा पृष्ठभागाजवळ येऊन हवा ओढतो. इंजिनाचा आवाज एकदम चढतो, बोट मात्र पुढे जात नाही आणि स्टिअरिंग फिरवूनही ती नीट वळत नाही, कारण वळवणारा रेटाच उरलेला नसतो. म्हणून जोरात वळण घेण्याआधी ट्रिम आत घ्यावं, नंतर पुन्हा सोडावं.

उलटी चूक कमी दिसते, पण जास्त घातक आहे. वेगात असताना ड्राइव्ह पूर्ण आत ठेवलं तर नाळ पाण्यात रुतते आणि बोटीचं टोकच सुकाणूसारखं वागू लागतं. चालक थोडं वळवायला जातो आणि बोट भलतीच जास्त वळते, कधी स्वतःभोवती गर्रकन फिरते. अशा फिरकीत माणसं काठावरून बाहेर फेकली जातात. चालकच बाहेर गेला तर रिकामी बोट पंखा फिरवत गोल गोल त्याच्याकडेच परत येऊ शकते. हे टाळण्यासाठी चालकाच्या कमरेला अडकवायची एक दोरी असते. ती ओढली गेली की इंजिन बंद होतं. अमेरिकेच्या केंद्रीय अखत्यारीतल्या पाण्यात, 26 फुटांपेक्षा लहान आणि उघडं सुकाणू असलेल्या बोटींना वेगात जाताना ती लावणं 1 एप्रिल 2021 पासून बंधनकारक आहे. दोरी बहुतेक बोटींत असतेच. ती बऱ्याचदा चावीच्या शेजारी नुसती लोंबकळत असते, हा मुद्दा आहे.

समोरून लाटा येत असतील तर ट्रिम थोडं आत घेतलेलं चांगलं, नाळ लाट कापते आणि दणके कमी बसतात. मागून लाटा ढकलत असतील तर नाळ खाली ठेवणं धोक्याचं. ती पुढच्या लाटेच्या पाठीत घुसते. मागे जाताना आणि धक्क्याला लावताना ड्राइव्ह खालीच असावं.

ट्रेलरचं बटण वेगळं का असतं

मर्क्रूझरसारख्या बोटींत थ्रॉटलच्या दांड्यावर ट्रिमचं बटण असतं आणि त्याशिवाय ‘ट्रेलर’ असं लिहिलेलं आणखी एक. दोन्ही ड्राइव्ह वरच नेतात. मग दोन बटणं कशाला? उत्तर बाहेर, पाण्याखाली बसवलेल्या एका छोट्या गोल डबीत आहे. तिचं नाव ट्रिम लिमिट स्विच. ड्राइव्ह ज्या कड्यात झुलतं, त्या कड्याच्या बिजागरीपाशी ती असते. ट्रिमच्या बटणाचा ‘वर’ हा हुकूम या डबीतून जातो. ड्राइव्ह ठरावीक कोनापर्यंत आलं की डबी वीज तोडते, आणि बटण दाबून धरलं तरी ड्राइव्ह पुढे वर जात नाही. ट्रेलरचं बटण ही डबी टाळून थेट पंपाकडे जातं.

मर्यादा तिथेच का ठेवली आहे? त्या कोनापर्यंत ड्राइव्हच्या दोन्ही बाजूंना कड्याचा भक्कम आधार असतो. त्याच्या वर गेलं की आधार सुटतो. शिवाय आतला सांधा जास्त वाकतो. सायकलरिक्षाचं हँडल पूर्ण वळवून जोराने पेडल मारल्यासारखी त्या सांध्याची अवस्था होते. तो फिरतो, पण करकरत. त्याच वेळी भाता एका बाजूने ताणला जातो आणि दुसऱ्या बाजूने चेपला जातो. ड्राइव्ह फार वर गेलं तर इंजिन थंड ठेवण्यासाठी पाणी ओढणारी भोकंही पाण्याबाहेर येऊ शकतात. म्हणून ट्रेलरच्या बटणाने ड्राइव्ह उचलून उथळ पाण्यातून जायचं असेल, तर इंजिन 1200 आरपीएमच्या वर नेऊ नये असा मर्क्रूझरचा दंडक आहे. रांगत जाण्याचाच तो वेग आहे.

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही

दोष शोधायच्या आधी दोन गोष्टी, आणि त्यात घाई नको. पहिली: पंप इंजिनाच्या खोलीत असतो आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने त्याच खोलीच्या तळाशी साठते. ठिणगी पडली तर स्फोट होतो. म्हणून झाकण उघडून वास घ्यावा आणि हवा खेचणारा पंखा, ब्लोअर, किमान चार मिनिटं चालवावा. अमेरिकी बोटींवर इंजिन सुरू करण्याआधीसाठी ही चार मिनिटांची सूचना चिकटवलेलीच असते. विजेच्या तपासणीला तोच नियम लावावा. वास येत असेल तर कोणत्याही तारेला हात लावू नये. दुसरी: वर उचललेल्या ड्राइव्हच्या खाली हात, डोकं, मूल, काहीही जाऊ नये. त्याला वर धरून ठेवलेलं असतं फक्त तेलाच्या दाबाने. नळी सुटली तर ते पडतं, आणि त्याचं वजन बोटं चिरडायला पुरेसं असतं. काम करायचं तर ड्राइव्ह पूर्ण खाली आणून, किंवा वर असताना लाकडी ठोकळ्याचा आणि पट्ट्याचा पक्का आधार देऊन.

आता एकाने बटण दाबावं आणि दुसऱ्याने पंपाजवळ कान द्यावा. ट्रिमचा निम्मा निदान-भाग ऐकण्याचाच आहे.

अजिबात आवाज नाही, टक् सुद्धा नाही, आणि दोन्ही दिशांना तीच गत: वीज पंपापर्यंत येत नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी जमली आहे का, पंपाची जाड तार तिथे घट्ट आहे का, ते आधी पाहावं. बरेच बिघाड इथेच संपतात. मग फ्यूज. मर्क्रूझरच्या पंपावर साधारणपणे दोन असतात: मोटरच्या वाटेवरचा 110 अँपिअरचा मोठा, आणि बटणांच्या तारेवरचा 20 अँपिअरचा छोटा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा जास्त क्षमतेचा फ्यूज घालणं म्हणजे पुढच्या खेपेला फ्यूजऐवजी तार जळू देणं.

टक् असा आवाज येतो, पण मोटर फिरत नाही: बटण आणि बारीक तारा ठीक आहेत. टक् करतो तो सोलेनॉइड, म्हणजे छोट्या विजेने मोठी वीज जोडणारा स्विच. त्याच्या आतले संपर्क जळालेले असतील, किंवा वीज पोचते पण पुरेशी नाही, किंवा मोटरच संपली आहे. यातलं काय, ते स्वस्तातला मल्टिमीटर सांगतो. बॅटरीवर 12.6 व्होल्ट आहेत एवढं बघून थांबू नये. बटण दाबलेलं असताना मोजावं. बॅटरीवर अकराच्या आसपास आणि मोटरच्या टोकावर सहा-सात दिसत असतील, तर मधले व्होल्ट कुठल्यातरी गंजलेल्या जोडात खर्च होताहेत. बटण न दाबता मोजलं तर हाच गंजलेला जोड अगदी निरोगी दिसतो. नळ बंद असताना पाइपात दाब दिसावा तसं.

एका दिशेने चालतं, दुसऱ्या दिशेने नाही: मोटर, तेल, बॅटरी सगळं बहुधा निर्दोष आहे, कारण ते दोन्ही दिशांना सामाईक असतं. सोलेनॉइड मात्र दोन असतात, एक वर जाण्यासाठी आणि एक खाली येण्यासाठी. मर्क्रूझरच्या बऱ्याच पंपांवर निळी-पांढरी तार ‘वर’ची आणि हिरवी-पांढरी ‘खाली’ची असते. जी दिशा चालत नाही, तिच्या तारेवर बटण दाबल्यावर वीज येते का बघायचं. येत असेल तर सोलेनॉइड गेला. येत नसेल तर दोष त्याच्या अलीकडे, बटणाकडे आहे.

सोलेनॉइड बदलताना एक मोह होतो. मोटारगाडीच्या दुकानात तसाच दिसणारा सोलेनॉइड बराच स्वस्त मिळतो, बसतोही आणि चालतोही. पण बोटीसाठीचा सोलेनॉइड असा बंदिस्त असतो की आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू नये. पेट्रोलच्या बोटीत इंजिनाच्या खोलीतल्या विजेच्या भागांना अमेरिकेत कायद्याने ही अट आहे. गाडीच्या सोलेनॉइडला ती नसते, कारण गाडीचं बॉनेट खालून उघडं असतं आणि वाफ निघून जाते. बोटीचा तळ म्हणजे बंद पातेलं. इथे पैसे वाचवू नयेत.

तोडगा, जो चालतो म्हणून फसवतो

सगळ्यात नेहमीची तक्रार मात्र वेगळीच असते: ट्रिमच्या बटणाने ड्राइव्ह खाली येतं, वर जात नाही, ट्रेलरच्या बटणाने मात्र मजेत वर जातं. हे वाक्य ऐकल्यावर जाणता मेकॅनिक पंपाकडे जातच नाही. ट्रेलरचं बटण काम करतं म्हणजे ‘वर’चा सोलेनॉइड, मोटर आणि तेल ठीक आहे. दोन्ही वाटांमध्ये फरक असतो तो लिमिट स्विचचा. डबीत पाणी शिरलंय किंवा तिच्या तारा तुटल्यात. त्या तारा ड्राइव्हच्या प्रत्येक वळणाबरोबर वाकतात, पाण्यात राहतात आणि वर्षानुवर्षं कडक होत जातात. त्या तुटतात यात नवल नाही.

आणि मग कुणीतरी जुगाड सुचवतं: बोटीच्या आत येणाऱ्या त्या दोन तारा एकमेकींना जोडून टाक. डबी वाटेतून गेली, ट्रिमचं बटण लगेच चालू लागतं. पैसे शून्य, वेळ दहा मिनिटं. हंगामाच्या पहिल्या शनिवारी हा मोह आवरणं कठीण आहे. पण आता ट्रिमचं बटणही ट्रेलरचंच बटण झालेलं असतं. पूर्ण वेगात अंगठा अर्धा सेकंद जास्त दाबला गेला, तर ड्राइव्हला थांबवणारं काही उरत नाही. ते कड्याच्या आधाराच्या वर जातं, पंखा हवा ओढतो, स्टिअरिंगची पकड जाते, सांधा आणि भाता पूर्ण ताकदीखाली वाकतात. जोड करणाऱ्याला हे माहीत असतं, तो जपून वापरतो. अडचण त्याच्या मेहुण्याची असते, ज्याला रविवारी बोट चालवायला दिलेली असते. किंवा पुढच्या ग्राहकाची, ज्याला विकताना कुणी काही सांगत नाही.

डबी आणि तिच्या तारा बदलणं हे फार अवघड काम नाही; बऱ्याच मॉडेलांत लिमिट स्विच आणि काट्याचा सेंसर यांचा जोडीने संच मिळतो. तारा आत ओढायला मात्र खटपट असते आणि बोट पाण्याबाहेर लागते. तोवर दिवस वाया घालवायचा नसेल, तर तारा न जोडता एक सुरक्षित वाट आहे: ड्राइव्ह खाली ठेवून मध्यम वेगातच फिरावं. वेग थोडा कमी मिळेल, पेट्रोल थोडं जास्त जाईल, एवढंच. जुनी बोट विकत घेताना ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते. इंजिन बंद ठेवून ट्रिमचं बटण दाबून धरायचं. ड्राइव्ह मध्येच थांबायला हवं. थांबलं नाही आणि थेट वरच्या टोकाला गेलं, तर आत कुठेतरी त्या दोन तारांची गाठ आहे, किंवा स्विच चुकीच्या जागी फिरलेला आहे.

मोटर फिरते, ड्राइव्ह हलत नाही

इथे दोष विजेचा नाही, तेलाचा आहे. पातळी बघताना ड्राइव्ह पूर्ण खाली हवं. ते वर असताना टाकीतलं तेल सिलिंडरांत गेलेलं असतं आणि टाकी रिकामी भासते. तेव्हा भरली तर ड्राइव्ह खाली येताच जास्तीचं तेल टाकीबाहेर येतं आणि बोटीच्या तळात पसरतं. कोणतं तेल ते मॅन्युअल पाहूनच ठरवावं. भरल्यावर ड्राइव्ह सहा-सात वेळा पूर्ण वर-खाली करावं, अडकलेली हवा टाकीतून निघून जाते.

तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. पातळी वारंवार उतरत असेल तर गळती शोधावी: सिलिंडरच्या दांड्याभोवती, बाहेरच्या नळ्यांच्या जोडांवर, पंपाच्या बुडाशी. पाण्यावर रंगीत तवंग दिसला तर गळती बाहेरच्या बाजूला आहे. थेंब थेंब तेल भरत हंगाम काढणं हा उपाय नव्हे; नळी फुटायची ती बहुधा ड्राइव्ह वर असताना आणि दाबाखालीच फुटते.

संध्याकाळी वर ठेवलेलं ड्राइव्ह सकाळी खाली आलेलं दिसत असेल, तर पंपातली झडप किंवा सिलिंडरच्या आतलं सील दाब धरत नाही. ट्रान्समवर चिकटपट्टीची खूण करून किती तासांत किती उतरलं हे लिहून ठेवलं, तर मेकॅनिकचा वेळ आणि मालकाचे पैसे दोन्ही वाचतात. याच्या उलट लक्षणही असतं: मागचा गिअर टाकला किंवा थ्रॉटल एकदम सोडला की ड्राइव्ह आपोआप वर उसळतं. तोही आतल्या गळतीचाच प्रकार, पण जास्त गंभीर, कारण धक्क्याजवळ बोट थांबवायची असते नेमकी तेव्हाच ती थांबत नाही. या दोन्ही बिघाडांना घरचा उपाय नाही.

पाण्यातच अडकलं तर

ड्राइव्ह खाली अडकलं असेल तर घाबरण्याचं कारण नाही. बोट व्यवस्थित चालते, फक्त उथळ पाणी टाळायचं आणि ट्रेलरच्या उतारावर मेकॅनिकची वाट पाहायची. खाली असलेलं ड्राइव्ह तसंच ठेवून बोट ट्रेलरवर ओढली तर पाय काँक्रीटला घासतो, पंखा आणि त्याचा शाफ्ट वाकतो. वर अडकलं असेल तर मात्र इंजिन जोरात चालवायचं नाही. पंखा पुरेसा पाण्यात असेल आणि इंजिनाचं तापमान वाढत नसेल तर रांगत किनारा गाठता येतो. नाहीतर नांगर टाकून ओढून नेणाऱ्या बोटीला फोन करावा. मागच्या पायावर चढून, त्याला लाथा मारून ते खाली ढकलण्याचा प्रयत्न लोक करतात. त्यात पाय घसरतो तो थेट पंख्यावर.

पंख्यावरून आणखी एक. मागच्या फळीवरून मुलं पाण्यात उड्या मारतात आणि वर येताना ड्राइव्हचाच शिडीसारखा आधार घेतात. पाण्यात कुणीही असताना इंजिन बंद आणि ट्रिमच्या बटणावर कुणाचा हात नाही, हे चालकाने स्वतः बघायचं असतं. सिलिंडर आणि ट्रान्सम यांच्यामधल्या फटीत मुलाचा हात सहज जातो.

रस्त्यावरून नेताना ड्राइव्ह पूर्ण वर आणि यांत्रिक आधारावर असावं, नुसत्या तेलाच्या भरवशावर नाही. खड्ड्यांचे धक्के सिलिंडरच्या सीलला बसतात. घरी पोचल्यावर मात्र लगेच खाली आणावं. खाली असताना भाता आपल्या मूळ आकारात विसावतो, ड्राइव्हमध्ये साचलेलं पाणी निथळून जातं आणि सिलिंडरचे चकचकीत दांडे आत राहून गंजापासून वाचतात. मिशिगन किंवा मिनेसोटात हे जास्तच महत्त्वाचं, कारण तिथे ड्राइव्हमध्ये राहिलेलं पाणी जानेवारीत गोठून फुगतं आणि धातूला तडा देतं. वर्षभर अंगणात पाय वर करून उभी असलेली बोट दिसली, तर घेणाऱ्याने आधी वाकून तिचा भाता पाहावा: घड्या पसरून आतलं रबर बोटाने तपासायचं, बारीक चिरा दिसल्या तर पाण्यात उतरवण्याआधीच तो बदलून घ्यायचा.